टाउन मीटिंग: हात वर करून मत की पेटीत चिठ्ठी?

कडुलिंब | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

न्यू हॅम्पशायरमधल्या एका आडगावात राहून मला अकरा वर्षं झाली. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. एक पेट्रोल पंप, एक जनरल स्टोअर, दोन चर्च, आणि देशी म्हणाल तर आमचंच एक घर. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि मार्चमध्ये पहिल्यांदा मतदार म्हणून टाउन मीटिंगला गेलो. त्याआधी दोनदा बिगरमतदारांसाठी बाजूला ठेवलेल्या खुर्च्यांवर बसून पाहिली होती. पाहुणा म्हणून पंगत बघणं आणि पानावर बसणं यात जो फरक, तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे गावाचं विधिमंडळ म्हणजे गावातले सगळे मतदार. वर्षातून एकदा शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या टाकतात, दारात पोरं कॉफी आणि केक विकतात, यादीत नाव बघून हातात रंगीत कार्ड देतात. मग मॉडरेटर एकेक कलम वाचतो (वॉरंट आर्टिकल म्हणतात), चर्चा होते आणि कार्ड वर करून निकाल. रस्ते, अग्निशमन, वाचनालय, कचरा डेपो, सगळं. निवडून आलेले तीन सिलेक्टमन गावाचा कारभार बघतात, पण पैसा मंजूर करायचा तो गावानेच.

आमच्याकडे गेल्या वर्षी बर्फ ढकलायचा जुना ट्रक दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा यावर पन्नास मिनिटं भांडण झालं. अख्ख्या गावाचं बजेट सहा मिनिटांत पास.

आता मूळ प्रश्न. यंदा काही लोकांनी अर्ज करून 'एसबी-टू' आणायचं कलम घातलंय. १९९५ चा कायदा आहे. त्यात सभा दोन भागांत होते: आधी एक चर्चेची बैठक, जिथे कलमांचे आकडे बदलता येतात पण निकाल लागत नाही; मग मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी दिवसभर गुप्त मतदान. लागू व्हायला साठ टक्के मतं लागतात.

बायको म्हणते, चांगलंच आहे. शनिवारी चार तास कोण बसणार, जाता जाता चिठ्ठी टाकू. शेजारच्या आजी म्हणतात, एसबी-टू आलं की गाव संपलं. मी कुंपणावर. तुमचे अनुभव सांगा. हात की पेटी?

---

ताकभात | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

छान विषय. खुर्ची टाकून बसलोय. घडीचीच.

---

खवचट_काका | ८ फेब्रुवारी, रात्री १०:२२

ट्रकवर पन्नास मिनिटं आणि बजेटवर सहा! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचे अमेरिकेत एवढे वंशज आहेत हे माहीत नव्हतं. आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दीड तास झालाय.

---

जुनाजाणता | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मॅसॅच्युसेट्समध्ये बत्तीस वर्षं. माझं मत पेटीला, आणि कारण सांगतो.

आमच्याकडे १९८० सालचा 'प्रपोझिशन अडीच' आहे. गावाने प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम दरवर्षी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर वेगळं मतदान घ्यावं लागतं. त्याला ओव्हरराइड म्हणतात आणि ते पेटीत होतं. बजेट मात्र टाउन मीटिंगमध्ये ठरतं. म्हणजे मी दोन्ही बघितलंय, एकाच गावात.

सभेत कोण येतं? ज्याचं काम अडलंय तो. शाळेचा विषय असला की पालक, पोलीस स्टेशनचा असला की पोलिसांचे सगेसोयरे. आपलं कलम झालं की निम्मी खोली रिकामी. उरलेल्या कलमांवर राहतात ते मोजके चिवट लोक, ज्यांना घरी जायची घाई नसते. ही लोकशाही नाही, ही बैठक मारण्याची स्पर्धा आहे. नर्स, दुकानात काम करणारे, लहान मूल असलेली आई यांनी काय करायचं?

---

रानफूल | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

जुनाजाणता यांना +१, आणि एक मुद्दा त्यांनी सोडला. लाज.

मी शाळेत शिकवते आणि त्याच गावात राहते (राज्य सांगत नाही). शिक्षकांच्या पगाराचं कलम आलं की माझ्या पुढच्या रांगेत माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा बसलेले असतात. त्यांनी कार्ड खाली ठेवलं हे मला दिसतं, मी वर केलं हे त्यांना. दुसऱ्या दिवशी पोस्टात गाठ. एका वर्षी आमच्या घराचं छप्पर करणारा माणूस माझ्याकडे बघत बघत विरोधात कार्ड वर करत होता आणि मला सारखं वाटत होतं, आता गळणार.

---

कडुलिंब | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

@रानफूल, छपराचं वाचून हसलो, पण मुद्दा पटला. फक्त आमच्या राज्यात त्याला उपाय आहे. हजर असलेल्या पाच मतदारांनी लेखी मागणी केली की मॉडरेटरला त्या कलमावर गुप्त मतदान घ्यावंच लागतं. मग सगळे रांग लावून चिठ्ठ्या टाकतात. अर्धा तास जातो, तेवढ्यात केक संपतो. पण सोय आहे.

---

सह्यभ्रमर | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

सभेच्या बाजूने बोलणारे कुणीच नाही म्हणून मी. पण आधी सभेच्या विरोधातलाच सगळ्यात मोठा पुरावा देतो, कारण तोच मला सभेच्या बाजूचाही वाटतो.

क्रॉयडन, न्यू हॅम्पशायर. वस्ती साधारण आठशे. चौथीपर्यंतची छोटी शाळा गावात, पुढच्या वर्गांतल्या मुलांची फी भरून गाव त्यांना शेजारच्या शाळांत पाठवतं. मार्च २०२२ मध्ये शाळेची वार्षिक सभा होती. बर्फाचा दिवस, नेहमीसारखी तुरळक माणसं. शाळेचं बजेट १७ लाख डॉलर. आयत्या वेळी एका सिलेक्टमननेच उठून दुरुस्ती मांडली: ८ लाख करा. मुलामागे दहा हजार डॉलर खूप झाले, असा त्याचा हिशोब. चर्चा झाली, मतं पडली. २० विरुद्ध १४. संपलं! निम्म्याहून जास्त बजेट चौतीस माणसांनी एका दुपारी उडवलं.

बाकीच्या गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मोठ्या मुलांच्या आईवडलांना दुसऱ्या गावातल्या शाळेची उरलेली फी खिशातून भरायची वेळ येणार होती. मग कायदा धुंडाळला. खास सभा बोलावून आकडा बदलता येतो, पण एकूण मतदारांपैकी निम्म्यांनी तरी मत दिलं पाहिजे. नोंदलेले मतदार ५६५, म्हणजे २८३ हवेत. जिथे एरवी तीस-चाळीस येतात तिथे! कपातवाल्यांनी प्रचार काय केला असेल? 'विरोधात या' असा नाही. 'घरी बसा' असा. कोरम मोडला की कपात कायम.

मे महिन्यात सभा झाली. आले ३७९. निकाल ३७७ विरुद्ध २.

म्हणून माझं म्हणणं: चौतीस माणसांनी जे केलं तो सभेचा दोष नाही, न आलेल्या पाचशेंचा आहे. आणि ते निस्तरलं तेही सभेनेच.

---

अर्धशिशी | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

बाप रे. ३७७-२ मधले ते दोघं मला भेटायला हवेत. एवढ्या गर्दीविरुद्ध मत द्यायला छाती लागते.

---

जुनाजाणता | ९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

@सह्यभ्रमर, गोष्ट उत्तम सांगितलीत, निष्कर्ष उलटा काढलात. घर जळालं, मग सगळं गाव बादल्या घेऊन धावलं, म्हणून आगीचं कौतुक करायचं का? दिवसभर गुप्त मतदान असतं तर वीस माणसांची टाप होती का?

---

सह्यभ्रमर | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४०

होती की! एसबी-टूची चर्चेची बैठक कधी बघितलीत? तिथे निकाल नसतो म्हणून लोक फिरकत नाहीत, पण आकडे बदलायचा अधिकार तिथेच असतो. पाच लाखांचं कलम त्या बैठकीतले पंचवीस जण 'शून्य डॉलर' करू शकतात. मग मंगळवारी हजार माणसं रांग लावून शून्यावर हो-नाही करणार. चोराला दार बदलून दिलं, एवढंच.

आणि बजेट नामंजूर झालं तर 'डिफॉल्ट बजेट' लागू: गेल्या वर्षीचा आकडा, त्यात करारांनी बांधलेल्या खर्चाची भर-वजाबाकी. म्हणजे 'नाही' म्हटल्यावर काय होणार हेही आधीच ठरलेलं. सभेत 'नाही' म्हटलं तर उठून दुसरा आकडा सुचवता येतो.

---

ताकभात | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

हे क्रॉयडनचे कपातवाले कोण होते? रिपब्लिकन का?

---

सह्यभ्रमर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२५

इथेच गंमत आहे. लाल-निळा (म्हणजे रिपब्लिकन-डेमोक्रॅट) चष्मा लावून हे दिसत नाही. 'फ्री स्टेट प्रोजेक्ट' नावाची चळवळ आहे. २००१ मध्ये कल्पना निघाली की सरकार कमीत कमी हवं असं मानणाऱ्या वीस हजार लोकांनी एकाच छोट्या राज्यात राहायला जायचं, म्हणजे मतांचा दाब जाणवेल. २००३ मध्ये आपसांत मतदान करून त्यांनी न्यू हॅम्पशायर निवडलं. २०१६ पर्यंत वीस हजार सह्या झाल्या. प्रत्यक्षात आले त्याहून बरेच कमी, पण जिथे चौतीस माणसांत निकाल लागतो तिथे वीस हजार हवेत कशाला? क्रॉयडनमध्ये दुरुस्ती मांडणारा त्याच चळवळीतला.

आणि त्यांच्याविरुद्ध जे ३७७ आले त्यांत ट्रम्पचे मतदार होते, बायडनचेही होते. गावात एरवी एकमेकांच्या अंगणातले फलक बघून तोंड फिरवणारी माणसं त्या सभेसाठी एकत्र फोन लावत होती.

---

नाना_जर्सीकर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

तुमचा टॅक्स किती हो तिकडे? न्यू हॅम्पशायर म्हणजे टॅक्स नाही म्हणतात. मी जर्सीत भरून भरून दमलो.

---

कडुलिंब | १० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

नाना, ही सगळ्यांची समजूत. पगारावर राज्याचा कर नाही, विक्रीकर नाही. व्याज आणि डिव्हिडंडवर होता तोही २०२५ पासून गेला. मग शाळा कशावर चालते? घरावर. वर्षाला दोनदा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं तेव्हा कळतं की 'टॅक्स नाही' म्हणजे काय. त्यात सगळ्यात मोठा घास शाळेचा.

यावर कोर्टकचेऱ्याही झाल्यात. क्लेअरमाँट नावाच्या छोट्या शहराने आणि त्यासारख्या काही गरीब गावांनी राज्यावर खटला भरला. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षणाचा भार असा गावागावांच्या कमीजास्त दरांवर टाकणं घटनेत बसत नाही. तळ्याकाठी श्रीमंतांची सुट्टीची घरं असलेल्या गावाला दर कमी लावला तरी भरपूर पैसा येतो. गिरणी बंद पडलेल्या गावाला दर दुप्पट लावूनही पुरत नाही. क्लेअरमाँट आणि वरचं क्रॉयडन एकाच सुलिव्हन काउंटीत आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून इथे कोण कुठल्या पक्षाचा हे मला अकरा वर्षांत नीट कळलेलं नाही, पण कोणाचं घर किती किमतीचं लावलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे.

---

वेंधळी_सखी | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

अवांतर: आपल्या लोकांबद्दल बोलू का? राग मानू नका.

बोस्टनच्या आसपासची गावं. घर घेताना आपण शाळेचं रेटिंग दशांशापर्यंत बघतो. आणि ओव्हरराइडचं मतदान असलं की 'हो का, आज होतं का?' आमच्या मराठी ग्रुपवर गणपतीच्या मोदकांची ऑर्डर एका तासात तीनशेवर जाते. मतदानाची आठवण टाकली तर दोन अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

---

नाना_जर्सीकर | १० फेब्रुवारी, सकाळी १०:४०

राग मानला. पण खोटं नाही.

---

रांगेतला | १० फेब्रुवारी, दुपारी १:०५

@वेंधळी_सखी, आपल्यातल्या कित्येकांना मतच नाही हो. मी चौदा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. टॅक्स सगळा भरतो, मत शून्य.

आणि माझी गोष्ट तर अजून मजेची. मी व्हरमाँटमध्ये विनूस्कीत राहतो. गिरणीचं जुनं गाव, आता निर्वासितांचं. विनूस्की आणि राजधानी माँटपिलिअर या दोन ठिकाणी २०२१ पासून नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. गव्हर्नरने व्हेटो केला होता, विधिमंडळाने तो उलटवला. पुढे माँटपिलिअरवरून खटला झाला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

मार्च २०२२ ला पहिलं मतदान. माहितीपत्रक घरी आलं, त्यात नेपाळी भाषाही होती. परक्या देशात मतदानाचा कागद देवनागरीत! हात थरथरला राव. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, 'हक्क आहे, पण वापरू नकोस. उद्या नागरिकत्वाच्या अर्जात विचारतील, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, मत दिलं होतं का, आणि तिथे स्थानिक निवडणूकसुद्धा धरतात. कायदेशीर होतं हे समजावत बसायची वेळ कशाला आणायची?'

नाही गेलो. पत्रक अजून फाइलमध्ये आहे.

---

अर्धशिशी | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

@रांगेतला 😔

---

रानफूल | १० फेब्रुवारी, दुपारी २:००

ज्यांना हा हक्क नाही अशा राज्यांतल्या लोकांनी चुकूनही प्रयोग करू नये हे ठळक लिहून ठेवते. नागरिक नसताना मत दिलं तर थेट देशाबाहेर काढायची कारवाई होऊ शकते.

आणि नवीन नागरिकांसाठी: न्यू हॅम्पशायरमध्ये आता नाव नोंदवताना नागरिकत्वाचा पुरावा लागतो. मार्च २०२५ च्या गावपातळीच्या निवडणुकांत कागद नाहीत म्हणून जन्माने अमेरिकन असलेल्या काही लोकांनाही दारातून परत जावं लागलं. आपण एरवीही पासपोर्ट उशाशी घेऊन झोपतो, आपली अडचण कमी.

---

खवचट_काका | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१५

एवढं गंभीर वातावरण झालंय म्हणून सांगतो. केंटकीत रॅबिट हॅश नावाची वस्ती आहे, तिथे १९९८ पासून महापौर कुत्रा असतो. मताला एक डॉलर, हवी तितकी मतं द्या, पैसा गावाच्या डागडुजीला. आपल्याकडे पैसे मत देणाऱ्याला मिळतात, तिथे मत देणारा भरतो. बाकी फरक नाही.

---

नाना_जर्सीकर | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०

काका 🙏

---

अर्धशिशी | १० फेब्रुवारी, रात्री ९:३५

छोट्या गावाच्या मतदानाचा विषय आहे आणि डिक्सव्हिल नॉच अजून कुणीच काढलं नाही? तेही न्यू हॅम्पशायरच! कॅनडाच्या सीमेजवळ. १९६० पासून अध्यक्षपदाचं मतदान मध्यरात्रीच्या ठोक्याला उरकतात, सगळ्यांची मतं पडली की पेटी लगेच उघडायची मुभा आहे. पहिल्या वर्षी निक्सन ९, केनेडी ०. २०१२ ला ५-५. २०२० ला बायडन ५, ट्रम्प ०. २०२४ ला परत ३-३. सगळ्या जगाचे कॅमेरे, आणि मतदार सहा.

---

जुनाजाणता | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:००

त्यावरून अंदाज बांधणाऱ्या वाहिन्यांना साष्टांग नमस्कार. १९६० ला तिथे भोपळा मिळालेले केनेडी अध्यक्ष झाले. त्या प्रथेमागे नील टिलॉटसन नावाचा रबराच्या धंद्यातला उद्योजक होता, तिथल्या बाल्सम्स हॉटेलचा मालक. पहिलं मत तोच टाकायचा. शंभरी ओलांडून गेला. २०११ मध्ये हॉटेल बंद पडलं आणि वस्ती आटली. मतदार म्हणजे हॉटेलशी जोडलेली माणसं. त्याला मतदानाचा कल म्हणायचं म्हणजे एका वऱ्हाडावरून जिल्ह्याचं राजकारण सांगण्यासारखं.

---

सह्यभ्रमर | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

कलाचंच बोलायचं तर अख्खं न्यू हॅम्पशायर घ्या. २०२० मध्ये बायडनना जवळपास ५३ टक्के आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन गव्हर्नर सुनुनूंना ६५ टक्के. २०२४ ला हॅरिस जिंकल्या आणि गव्हर्नर झाल्या रिपब्लिकन केली एयॉट. शेजारच्या व्हरमाँटने १८५६ पासून १९८८ पर्यंत १९६४ चा अपवाद सोडला तर प्रत्येक वेळी अध्यक्षपदाला रिपब्लिकन निवडला. १९९२ पासून एकदाही नाही. पण गव्हर्नर फिल स्कॉट रिपब्लिकन आणि दर वेळी दणदणीत निवडून येतात.

वॉशिंग्टनला पाठवायचा माणूस वेगळ्या मापाने आणि घरचा हिशोब ठेवायचा माणूस वेगळ्या मापाने निवडतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं तसंच इथे सिलेक्टमनच्या नावापुढे सहसा पक्ष नसतो. फरक एवढाच की आपल्याकडे चिन्ह नसलं तरी पॅनल कुणाचं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

---

वेंधळी_सखी | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:००

इथेही माहीत असतं हो. जनरल स्टोअरमध्ये कोण कोणाशेजारी उभं राहून कॉफी पितं त्यावरून.

---

पायवाट_६२ | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

गडचिरोलीत काही वर्षं काम केलंय म्हणून लिहितो. मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असेल, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. तिथल्या ग्रामसभेत हात वर नाही आणि पेटीही नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं. एकजण नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेला.

कडुलिंब यांच्या प्रश्नाला हे उत्तर नाही, माहीत आहे. पण मी तिथे पाहिलं ते असं: लोकांना चर्चेचा कंटाळा येत नाही, निर्णय आधीच झालाय हे कळलं की येतो. बाकी बहुतेक गावांत ग्रामसभेची नोंद कागदावर होते आणि सह्या घरोघरी फिरून घेतात. तिथे तुमच्या पन्नास मिनिटांच्या ट्रकचा मला हेवा वाटतो.

---

जुनाजाणता | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

एकमताने चालायला गाव मेंढा-लेखाएवढं लागतं आणि सगळ्यांचं पोट एका जंगलावर असावं लागतं. इथे निम्मं गाव बोस्टनला नोकरीला.

---

रानफूल | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

आणि तिथेही 'लाज' आहेच ना? सगळे हो म्हणत असताना एकट्या बाईने नाही म्हणायचं?

---

पायवाट_६२ | ११ फेब्रुवारी, दुपारी २:०५

रानफूल, प्रश्न रास्त आहे. तिथल्या बायका नाही म्हणताना मी पाहिल्यात. सगळीकडच्या म्हणू शकतील असं म्हणणार नाही.

---

नाना_जर्सीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

मला एक कळत नाही. म्हातारे लोक शाळेच्या बजेटला एवढा विरोध का करतात? स्वतःची पोरं शिकली, झालं. आता दार लावून घ्या!

---

कडुलिंब | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नाना, मीही हेच म्हणायचो. मग गेल्या वर्षी ज्या आजींचा वर उल्लेख केला त्या सभेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, नवरा गेलेला, घर नवऱ्याच्या वडलांनी बांधलेलं. कोविडनंतर शहरातली माणसं इकडे आली, घरांचे भाव चढले, गावाने नव्याने मूल्यांकन केलं. आजींच्या घराची किंमत कागदावर वाढली, पेन्शन होती तिथेच. घर विकलं तर श्रीमंत, राहिलं तर कंगाल.

शाळेच्या कलमाला त्यांनी कार्ड वर केलं नाही. मी केलं. केल्यावर त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बाहेर पडताना त्याच म्हणाल्या, 'तुझ्या पोरीच्या शाळेचे पैसे मी नऊ वर्षं भरलेत, यंदा नाही जमलं.' आणि मला केकचा डबा धरायला देऊन गाडीची चावी शोधायला लागल्या.

गुप्त मतदान असतं तर मी हे ऐकलंच नसतं. रानफूलच्या छपराचं म्हणणं पटतं आणि हेही डोक्यातून जात नाही. म्हणून कुंपणावर.

---

रानफूल | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

हम्म. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

जुनाजाणता | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

उत्तर आहे. म्हाताऱ्यांना करात सवलत द्या, आणि मत पेटीत टाका. आजींनी जे सांगितलं ते पार्किंगमध्येच सांगितलं ना? त्याला सभा कशाला लागते?

---

सह्यभ्रमर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

पार्किंगमध्ये दोघंही सभेमुळेच आले होते, महाराज.

---

ताकभात | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

🍿

---

खवचट_काका | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

या धाग्यावर मतदान घ्या. हात वर की पेटीत? आणि पाच जणांनी लेखी मागणी केली तर गुप्त आयडीने.

---

अर्धशिशी | १९ मार्च, रात्री ८:१५

@कडुलिंब, झाली का सभा? काय झालं पुढे? धागा वर आणतेय.

---

कडुलिंब | २० मार्च, रात्री १०:३०

झाली. उशिराबद्दल माफी, कारण खाली येईलच.

एसबी-टू पडलं. निम्म्याहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं, पण साठ टक्क्यांना कमी पडलं. म्हणजे बहुमताला पेटी हवी होती आणि ती मिळाली नाही. हे जुनाजाणता यांच्यासाठी खास, आता सुरू करा. मी काय मत दिलं? तो प्रश्न पेटीतच होता, त्यामुळे सांगणार नाही.

शनिवारी सभा झाली. गेल्या वर्षीपेक्षा गर्दी जास्त, बहुधा वादामुळेच. नवा ट्रक मंजूर झाला, तासभर लागला. शाळेची सभा निराळी असते, तिथे बजेट थोडं कापून पास झालं. आजी आल्या होत्या. या वेळी मागच्या रांगेत बसल्या, गुडघा दुखतो म्हणाल्या.

आणि आता ती बातमी. मंगळवारी मतपत्रिकेवर स्मशानभूमीच्या विश्वस्तपदाची जागा रिकामी होती, उमेदवारच नव्हता. अशा वेळी लोक हाताने कुणाचं तरी नाव लिहितात. गेल्या उन्हाळ्यात मी तिथल्या पडक्या दगडी भिंतीचं थोडं काम फुकट केलं होतं, ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं असावं. माझं नाव नऊ जणांनी लिहिलं. सहा वेगवेगळ्या स्पेलिंगांत. मॉडरेटर आणि मोजणाऱ्यांनी डोकं लावून सगळी मतं एकाच माणसाची धरली, आणि दुसऱ्या क्रमांकाला चार होती. दुसऱ्या दिवशी टाउन क्लर्कचा फोन: 'शपथ घ्यायला कधी येतोस? आणि एकदा नाव नीट सांग, रजिस्टरला लिहायचंय.'

आईला फोन केला. 'निवडून आलो' म्हटल्यावर तिने आधी देवापुढे साखर ठेवली, मग विचारलं, कशावर? सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही.

---

वेंधळी_सखी | २० मार्च, रात्री १०:४५

😂😂 अभिनंदन! काकूंना काय सांगितलंस शेवटी?

---

कडुलिंब | २० मार्च, रात्री १०:५२

बागखातं सांगितलं. गवत कापायचं कंत्राट माझ्या सहीनेच जाणार आहे, तेव्हा अगदीच खोटं नाही.

---

खवचट_काका | २१ मार्च, सकाळी ६:०५

अभिनंदन. मतदारसंघ शांत आहे, पुढच्या खेपेलाही विरोध होईल असं वाटत नाही.